भाकड दिवसांचा हिशेब

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त अडखळलेल्या जागा नीट केल्या आहेत.)



नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. पोरं लाकडी बैल सजवतात, चाकांवर ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. यंदा एका घरी असाच बैल आला. त्या घरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं पोराला गमतीत विचारलं, "तुझा बैल ढेकर देतो का रे?" पोरगं म्हणालं, "लाकडाचा आहे ना ताई, चारा खातच नाही." मुलगी म्हणाली, "म्हणजे पर्यावरणाला सगळ्यात चांगला बैल हाच."

घरातले हसले. पण तिथं बसलेल्या एका काकांना हसू आलं नाही. हिंगण्याकडे त्यांच्या दोन म्हशी आणि एक गाय आहे. त्यांनी मला व्हॉइस मेसेज पाठवला. त्यांचे शब्द असे: "अमेरिकेतले लोक विमानानं फिरतात, एसीत बसतात, आणि पृथ्वी माझ्या दोन म्हशींमुळे तापते म्हणता? आता आम्ही ढोरं विकायची काय?"

आजचा भाग या काकांसाठी आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही काका, विकायची नाहीत. पण तुमच्या गोठ्यात एक हिशेब चुकतो आहे. तो सुधारला तर हवेचंही भलं होईल आणि तुमच्या खिशाचंही.

आधी हा ढेकर काय प्रकार आहे ते पाहू.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. ते एक जिवंत हौदच म्हणा ना. आत अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. आपल्याला जे मुळीच पचत नाही, ते कडबा, कुटार, तणीस हे जीव कुजवतात, आंबवतात आणि त्यातून जनावराला ताकद मिळते. याच कामात हायड्रोजन वायू तयार होतो. तो साठून राहिला तर आंबवण्याचं काम मंदावतं. म्हणून दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन घेतात, कार्बन डायऑक्साइडशी जोडतात आणि मिथेन बनवतात. हा मिथेन जनावर ढेकरेवाटे बाहेर टाकतं. लोकांना वाटतं तो मागून जातो. तसं नाही, बहुतेक सगळा तोंडावाटेच जातो.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. पण शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. वीस वर्षांचा धरला, तर ऐंशीच्या आसपास. त्याचा अर्थ असाही आहे की आज मिथेन कमी केला, तर फायदा आपल्याच हयातीत दिसतो, नातवंडांपर्यंत थांबावं लागत नाही.

आणि या गोष्टीकडे शेतकऱ्याच्या नजरेनंही बघा. मिथेन म्हणजे जळण. जनावरानं खाल्लेल्या चाऱ्यातली साधारण सहा टक्के ऊर्जा मिथेन बनून हवेत जाते. तुम्ही विकत घेतलेल्या ढेपेचा, सरकीचा तो भाग दूध न होता उडून गेला. म्हणजे हे पर्यावरणाचं नुकसान तर आहेच, त्याच्याआधी ते गोठ्याचं नुकसान आहे.

आता आकड्यांकडे येऊ. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात गायी-बैल सुमारे १ कोटी ४० लाख आणि म्हशी सुमारे ५६ लाख. देशाच्या एकूण हरितगृह वायूंमध्ये शेतीचा वाटा साधारण १४ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग या ढेकरांचा आहे. त्यामुळे "आमचं काही देणंघेणं नाही" असंही म्हणता येत नाही.

पण काकांचा राग खोटा नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीनं, म्हणजे आयपीसीसीनं, २००६ साली हिशेबासाठी जे सरासरी आकडे ठरवून दिले, ते बघा. उत्तर अमेरिकेतली दुभती गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते. भारतीय उपखंडातली दुभती गाय ५८ किलो. म्हणजे आपली गाय निम्म्याहून कमी. इथपर्यंत काका जिंकले.

आता त्याच तक्त्यातला दूधाचा रकाना बघा. तिकडची गाय वर्षाला ८,४०० किलो दूध देते, आपली ९०० किलो. करा भागाकार. तिकडे एका किलो दुधामागे १५ ग्रॅम मिथेन. आपल्याकडे ६४ ग्रॅम. चौपटीहून जास्त. जनावरामागे मोजलं तर आपण साधू, आणि दुधामागे मोजलं तर आपण उधळे.

यातला कुठला आकडा खरा? दोन्ही. आपली गाय नुसती दुधासाठी नसते. ती शेण देते, गोऱ्हा देते, आणि माणसाला खाता न येणारं कुटार खाते. तिकडच्या गायीला मका आणि सोयाबीन भरवतात. त्यामुळे हा सगळा ६४ ग्रॅमचा बोजा दुधावर टाकणं अन्यायाचं आहे. पण अन्याय म्हणून आकडा बाजूला ठेवला, तर त्यात लपलेलं आपलं नुकसानही दिसेनासं होतं.

ते नुकसान कुठं आहे? मी त्याला "भाकड दिवस" म्हणतो.

दोन गोष्टी धरा. पहिली गोष्ट, कालवड. समजा एका गोठ्यातली कालवड तीन वर्षांची असताना व्याली. दुसऱ्या गोठ्यातली पाच वर्षांची झाल्यावर व्याली, कारण लहानपणी तिला पोटभर मिळालंच नाही. आयपीसीसीच्या त्याच तक्त्यात आपल्याकडच्या दूध न देणाऱ्या जनावराचा आकडा वर्षाला २७ किलो आहे. दोन वर्षांचे झाले ५४ किलो. त्याला २८ नं गुणा: दीड टन कार्बन डायऑक्साइडइतकं. मोटारसायकलमध्ये साडेसहाशे लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढा धूर होईल, तेवढं. आणि बदल्यात दूध किती? एक थेंबही नाही. वर दोन वर्षांचा चारा गेला तो वेगळाच.

दुसरी गोष्ट, दोन वेतांमधलं अंतर. समजा म्हैस एका वेतात दीड हजार लिटर दूध देते. साधारण दहा महिने दूध, मग आटते. दर चौदा महिन्यांनी व्याली तर भाकड काळ चार महिन्यांचा. वीस महिन्यांनी व्याली तर दहा महिन्यांचा. दूध तेवढंच. म्हशीचा आकडा वर्षाला ५५ किलो मिथेन धरला, तर पहिल्या म्हशीचा लिटरमागे ४३ ग्रॅम होतो, दुसरीचा ६१. भाकड जनावर थोडं कमी खातं, म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी पडेल. पण पाच वर्षांत तीन वेतं घ्यायची की चार, हा प्रश्न तर उरतोच. एक वेत म्हणजे दीड हजार लिटर. लिटरला पन्नास रुपये धरले तर पंच्याहत्तर हजार. काका, तुमच्या दोन म्हशी आहेत.

माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. आपल्या भागात मिथेन कमी करायचा मार्ग म्हणजे भाकड दिवस कमी करणं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

मग हे दिवस वाढले कसे? दोन कारणं विदर्भाची खास आहेत.

पहिलं कारण चाऱ्याचं. आपल्या आजोबांच्या काळात घरोघरी ज्वारी होती. ज्वारी म्हणजे माणसाला भाकर आणि ढोरांना कडबा. पुढे सोयाबीन आलं. पैसा आला, पण कडब्याच्या गंज्या गेल्या. आज गव्हाणीत काय असतं? सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, गव्हांडा, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाची तणीस. चारा जितका वाळलेला आणि काडीचा, तितका तो कोठीपोटात जास्त वेळ पडून राहतो आणि पचलेल्या प्रत्येक किलोमागे मिथेन जास्त होतो. हार्वेस्टरनं कापणी केली तर कुटारही वावरातच पसरून राहतं आणि पुष्कळदा जाळलं जातं.

दुसरं कारण उन्हाचं. नागपूरचा मे महिना मी सांगायची गरज नाही, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हशीची कातडी काळी, घाम कमी. ती उन्हात चारा कमी खाते आणि माज दाखवत नाही. पशुवैद्यक याला मुका माज म्हणतात: माज येतो, पण ओरडत नाही, कळत नाही, आणि एकवीस दिवस वाया जातात. असे तीन माज हुकले की दोन महिने गेले. इथं एक चक्र तयार होतं बघा. मिथेनमुळे ऊन वाढतं, उन्हामुळे म्हैस जास्त दिवस भाकड राहते, आणि भाकड म्हशीचा मिथेन दुधाशिवाय हवेत जातो. हे चक्र आपल्याला गोठ्यातच तोडता येतं.

तर काय करायचं? साध्या गोष्टींपासून सुरुवात करू.

एक, कुट्टी. कडबा असो की हिरवी मका, अख्खी टाकली तर जनावर पानं खातं, धांडे पायाखाली तुडवतं. कुट्टी केली की नासाडी कमी होते.

दोन, तणीस किंवा गव्हांड्यावर युरियाची प्रक्रिया. शंभर किलो वाळलेल्या चाऱ्याला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरानं शिंपडायचा, दाबायचा आणि ताडपत्रीनं हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचा. काढल्यावर थोडा वेळ उघडा ठेवून वास जाऊ द्यायचा, मग खायला द्यायचा. काडी मऊ होते, प्रथिनं वाढतात. पण युरिया थेट तोंडी देऊ नका, त्याचं पाणी जनावरापुढे ठेवू नका. ते विष आहे. सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा नको. पहिल्यांदा करत असाल तर पशुवैद्यकाला विचारूनच करा.

तीन, संतुलित आहार. आपल्याकडे दोन टोकं असतात. दूध देते तोवर ढेप घमेल्यानं, आणि आटली की नुसतं कुटार. गाभण जनावराच्या पोटात वासरू वाढतं तेव्हाच तिला उपाशी ठेवलं, तर पुढचं वेत बिघडणारच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं राष्ट्रीय दुग्ध योजनेत गावोगावी संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. जनावराचं वजन, दूध आणि घरात असलेला चारा बघून खुराक ठरवून द्यायचा आणि त्यात खनिज मिश्रण घालायचं. त्यातून दूध वाढलं, खुराकाचा खर्च कमी झाला आणि दुधामागचा मिथेन दहा टक्क्यांहून जास्त घटल्याचं मोजलं गेलं. त्यासाठी परदेशी औषध लागलं नाही, हिशेब लागला. आपल्या नागपुरात तर माफसू आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. इथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासूनचं. खुराकाचा तक्ता करून घ्यायला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही.

चार, उन्हाळा. गोठ्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन, दुपारी अंगावर पाणी, चोवीस तास प्यायला थंड पाणी, आणि चारा पहाटे व रात्री. माज पहाटे आणि रात्री बघायचा. काकू जास्त बरोबर ओळखतात, त्यांना विचारायचं.

आता तुम्ही म्हणाल, मिथेन थांबवणारी औषधं निघाली आहेत म्हणे. निघाली आहेत. युरोपात २०२२ साली एका पदार्थाला परवानगी मिळाली. तो मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम रोखतो आणि दुभत्या गायींत साधारण तीस टक्के घट दाखवतो. समुद्री शेवाळावरही प्रयोग चालू आहेत. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलं. झाडपाल्यातल्या टॅनिनवर ते आधारलेलं आहे. त्यानं १७ ते २० टक्के मिथेन घटतो असं संस्थेनं सांगितलं आहे. आपल्या बाभळीच्या शेंगांमध्येही टॅनिन असतं, पण म्हणून टोपलीभर शेंगा टाकू नका, जास्त झालं की पचन बिघडतं.

पण यात एक अडचण आहे. असं औषध घासाघासात मिसळावं लागतं. तिकडे गाय दिवसभर गव्हाणीपुढे उभी असते, यंत्रानं मिसळलेला चारा खाते. आपल्या गावातलं गोधन सकाळी ढोरक्यामागे रानात जातं आणि संध्याकाळी परत येतं. त्याला औषध कोण भरवणार? आणि ज्या गायीला पोटभर चारा नाही, तिला मिथेनचं औषध देणं म्हणजे उपाशी माणसाला पाचक चूर्ण देण्यासारखं आहे. औषधांची वेळ येईल, पण चाऱ्यानंतर.

आता ढेकर सोडून शेणाकडे येऊ.

शेण उघड्यावर पातळ पसरून वाळलं, तर त्यातून मिथेन फार निघत नाही. पण ते पाण्यासकट खड्ड्यात साचलं, किंवा शहरातल्या गोठ्यातून धुऊन नालीत गेलं, की हवा लागत नाही आणि मिथेन सुरू होतो. नालीचं जे वाटोळं होतं ते वेगळंच. त्यावर जुना उपाय आहे, गोबरगॅस. खादी ग्रामोद्योगचं तरंगत्या टाकीचं मॉडेल जुनं, आणि १९८४ सालचं दीनबंधू हे विटांच्या घुमटाचं, स्वस्त. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो आणि उरलेली रबडी वावरात उत्तम खत.

मग गावोगावची इतकी संयंत्रं बंद का पडली? कोणी विकलेल्या जनावरांमुळे शेण कमी पडलं. कुठे पाणी नव्हतं. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, गॅस कमी येतो, तेव्हा लोकांनी सिलिंडर आणला आणि मग परत वळलेच नाहीत. आणि कुठे घुमटाला तडा गेला, तो बुजवायला गवंडी मिळाला नाही. हा तडा लहान गोष्ट नाही. गोबरगॅस म्हणजे मिथेनच. जळला तर कार्बन डायऑक्साइड होतो, गळला तर मिथेन म्हणूनच हवेत जातो. गळका गोबरगॅस बांधण्यापेक्षा उकिरडा बरा. म्हणून अनुदान बांधण्याला मिळतं तितकंच दुरुस्तीलाही मिळायला हवं.

आता अवघड भागाकडे येतो. तो टाळला तर ही सगळी गोड-गोड गोष्ट होईल.

दुधामागचा मिथेन कमी झाला, पण ढोरांची संख्या तेवढीच राहिली, तर एकूण मिथेन कमी होत नाही. उलट चांगलं खाणारं जनावर जास्त ढेकर देतं. फायदा तेव्हाच, जेव्हा तेवढंच दूध कमी जनावरांतून मिळतं. आणि कमी जनावरं म्हणजे कोणती कमी? ट्रॅक्टर आला, बैलाचं काम घटलं. आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. पण त्याचा परिणाम गोठ्यात काय होतो, ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. थकलेल्या बैलाला बाजार नाही, खायला घालायला चारा नाही, आणि मोकळं सोडायला मन होत नाही. काही जण सोडतात, आणि मग तीच जनावरं रात्री दुसऱ्याच्या तुरीत शिरतात.

यावर जे जनावर आज जिवंत आहे त्याला नीट सांभाळणं, आणि जे नको आहे ते जन्मालाच न येऊ देणं, हाच माणुसकीचा मार्ग मला दिसतो. लिंगनिश्चित रेतमात्रा आता मिळतात, त्यातून दहापैकी नऊ वेळा कालवड होते. ज्याला बैल लागतो, त्यानं गोऱ्हा ठेवावा. गवळाऊ ही आपल्या वर्धा-नागपूरकडची जात, चपळ, उन्हाला टिकणारी, आणि कोरडवाहू छोट्या वावरात तिचा बैल अजून कामाचा आहे. पण ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्यानं दर दुसऱ्या वर्षी नको असलेला गोऱ्हा का जन्माला घालावा? आणि गोशाळांचं काय? २०२४ साली राज्य सरकारनं देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांना गायीमागे दिवसाला पन्नास रुपये देण्याचं ठरवलं. शेकडो जनावरांचं शेण एका जागी जमा होणारी ठिकाणं हीच. घरगुती संयंत्र बंद पडतं, पण तिथं मोठं संयंत्र चालायला माणूसही ठेवता येतो आणि शेणही कमी पडत नाही.

डेन्मार्कनं २०२४ मध्ये ठरवलं की २०३० पासून जनावरांच्या वायूवर कर लावायचा. आपल्याकडे दोन म्हशींच्या मालकावर कर लावायचा विचारही करू नये. पण "आमच्या संस्कृतीत गाय आहे, आम्हाला शिकवू नका" हेही उत्तर नाही. इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर वर्धा आहे. तिथं जमनालाल बजाजांनी १९४२ मध्ये निधन होण्याआधीचे शेवटचे महिने गोसेवेला दिले होते. त्या मंडळींच्या लेखी गोसेवा म्हणजे नुसती पूजा नव्हती, चारा, चांगला वळू आणि दुधाची नोंद हेही त्यात होतं. पोळ्याला शिंगं रंगवतो ते छानच. पण गायीची खरी सेवा वर्षाच्या उरलेल्या दिवसांत, गव्हाणीत होते.

तर काका, तुमच्यासाठी एकच काम. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं प्रत्येक जनावरापुढे तीन तारखा लिहा: कधी व्याली, कधी भरवली, कधी आटली. दोन वर्षांनी त्या तारखांची वजाबाकी करा. भाकड दिवस कमी झालेले दिसले, की समजा मिथेनही घटला. त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही.

आणि त्या ताईला सांगा, लाकडी बैल ढेकर देत नाही हे खरं. पण तो शेणही देत नाही.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गोठ्यातल्या तारखा मला कळवा. नमस्कार.